अनिश कपूरच्या चित्राची २००९ ची मूटाँ : जपावी की उघडावी?

रंगरेषा

माझ्या लंडनच्या मामेभावाला त्याच्या साहेबांनी निवृत्त होताना शातो मूटाँ रोथशिल्ड या फ्रान्सच्या बोर्डो भागातल्या प्रसिद्ध वाईनची २००९ सालची बाटली भेट दिली. लेबलावर अनिश कपूरचं चित्र आहे. मुंबईत १९५४ साली जन्मलेला, शिकागोतलं ते चकचकीत 'क्लाउड गेट' घडवणारा तोच हा शिल्पकार. यंदा दिवाळीला सगळे जमले की बाटली उघडायची असं भावाच्या मनात आहे आणि वहिनीचा त्याला सक्त विरोध आहे. मी चित्रकला शिकवते म्हणून दोघांनी निवाडा माझ्याकडे सोपवलाय.

माझं मत स्पष्ट आहे, उघडू नये. १९४५ पासून जवळजवळ दरवर्षी मूटाँने आपल्या लेबलाचा वरचा पट्टा एका चित्रकाराच्या स्वाधीन केला. १९४७ ला कोक्तो, १९५५ ला ब्राक, १९५८ ला दाली, १९६४ ला हेन्री मूर, १९६९ ला मिरो, १९७० ला शागाल, १९७५ ला वॉरहॉल, १९८८ ला कीथ हॅरिंग, १९९० ला फ्रान्सिस बेकन. विसाव्या शतकाच्या चित्रकलेचा एवढा सलग पट तळहाताएवढ्या कागदांवर दुसरीकडे कुठे बघायला मिळणार? चित्रकारांना मोबदल्यात पैसे देत नाहीत, वाईनची खोकी देतात, हेही मला फार आवडतं. आपल्याकडे दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठासाठी जुने दिवाळी अंक जिवापाड सांभाळणारी माणसं आहेत, त्यांना माझं म्हणणं लगेच पटेल.

ज्यांना वाईनमधलं कळतं त्यांनी जरूर लिहा. भावाला हा धागाच पाठवणार आहे.

मीठभाकर

आतली वाईन दादाला, लेबलासकट रिकामी बाटली वहिनींना. निवाडा झाला, आता फराळाचं बघा.

तुलूजकर

रंगरेषाताई, छान धागा. मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं तुलूजला आहे, बोर्डोला येणंजाणं असतं आणि पोयाकला जाऊन हा मळा पाहिलाय. म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कारण लेबलाच्या मागे केवढा उद्योग आहे ते कळल्याशिवाय निवाडा करणं बरोबर नाही.

बोर्डो शहराच्या उत्तरेला जिराँद नदीच्या रुंद मुखाच्या काठाने मेदॉकचा पट्टा आहे. त्यातलं पोयाक हे छोटंसं बंदराचं गाव. लाफीत, लातूर आणि मूटाँ, तिन्ही मळे या एका गावाच्या हद्दीत येतात. आपल्या डोळ्यांना तिथे बघण्यासारखं फारसं काही दिसत नाही. ना डोंगर ना झाडी, नदीने आणून टाकलेल्या गोट्यांचे बुटके उंचवटे आणि त्यावर गुडघ्या-मांडीएवढ्या वेली. मूटाँची लागवड ऐंशीहून थोडी अधिक हेक्टर आहे. त्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास कॅबर्ने सोव्हिन्याँ जातीची द्राक्षं, बाकी मर्लो, थोडी कॅबर्ने फ्राँ आणि पती व्हर्दो.

नॅथॅनिएल द रोथशिल्डने १८५३ साली हा मळा विकत घेतला, पण त्याला आजचं रूप दिलं ते त्याच्या पणतूने, बॅरन फिलिपने. १९२२ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने कारभार हातात घेतला. तोवर रिवाज असा होता की मळ्याने वाईन करायची, पिंपं बोर्डोच्या व्यापाऱ्यांच्या ताब्यात द्यायची आणि पुढचं मुरवणं, बाटल्या भरणं त्यांनी करायचं. त्यांनी पिंपात काय मिसळलं, कधी भरलं, यावर मळेवाल्याचा काही ताबा नसे. फिलिपने ठरवलं की १९२४ पासून सगळी वाईन मळ्यातच बाटलीत भरली जाईल. व्यापाऱ्यांना ते रुचलं नाही. शिवाय आता मुरणारी पिंपं स्वतःकडे ठेवायची तर जागा हवी, म्हणून १९२६ साली शार्ल सिक्लीस या वास्तुकाराकडून शंभर मीटर लांबीचं कोठार बांधून घेतलं. आत उभं राहिलं की पिंपांची एकसारखी रांग आणि पार टोकाला मळ्याचं चिन्ह दिसतं. मी थक्क होऊन बघत राहिलो होतो.

आणि ताई, चित्रकाराचं पहिलं लेबल १९४५ चं नव्हे, १९२४ चं. झाँ कार्लू या जाहिरात-चित्रकाराने केलेलं. मेंढ्याचं डोकं आणि रोथशिल्ड घराण्याचे पाच बाण, घनवादी शैलीत. आता वाईन आम्हीच भरतो, हे सांगायला ते लेबल काढलं होतं. लोकांनी तेव्हा नाकं मुरडली आणि ते मागे पडलं.

रंगरेषा

तुलूजकर, किती सुंदर लिहिलंत. म्हणजे चित्राची सुरुवातच 'ही वाईन आमच्या हातची आहे' या हमीतून झाली. माझा मुद्दा आणखी पक्का झाला.

मीठभाकर, वहिनी म्हणतात ओघळ लागून लेबल खराब होईल, त्याचं काय?

हिशेबनीस

लेबलाचं कौतुक आहेच, पण मूटाँची खरी लढाई यादीतल्या जागेसाठी होती.

१८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत बोर्डोच्या दलालांनी मेदॉकच्या वाईनची प्रतवारी केली. कसोटी मुख्यतः बाजारभावाची. पहिल्या प्रतीत लाफीत, लातूर, मार्गो आणि मेदॉकबाहेरचं ओ-ब्रियाँ. मूटाँ दुसऱ्या प्रतीत, त्यात अगदी वरच्या जागी. ही यादी नंतर जवळजवळ गोठलीच. मळे विकले गेले, जमिनींची अदलाबदल झाली, पण प्रत जिथल्या तिथे. बॅरन फिलिपने कित्येक दशकं खटपट केली आणि अखेर १९७३ च्या जूनमध्ये मूटाँला पहिली प्रत मिळाली. आदेशावर सही करणारे कृषिमंत्री होते झाक शिराक, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. १८५५ च्या यादीत वरच्या प्रतीत बढती मिळालेला हा एकमेव मळा.

आधी मळ्याचं ब्रीद होतं, 'पहिला होऊ शकत नाही, दुसरा म्हणवून घेत नाही, मी मूटाँ आहे.' बढतीनंतर ते झालं, 'पहिला आहे, पूर्वी दुसरा होतो, मूटाँ बदलत नाही.' आणि नेमक्या त्या १९७३ च्या लेबलावर पिकासो आहे. पिकासो त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेला होता, त्याला आदरांजली म्हणून मळ्याच्या संग्रहातलं चित्र वापरलं.

आता माझा प्रश्न. १९७३ हे बोर्डोत द्राक्षाचं सुमार वर्ष होतं. तरी ती बाटली संग्राहक शोधत फिरतात. म्हणजे तिथे पैसे चित्राचे आणि घटनेचे आहेत, वाईनचे नाहीत. २००९ चं तसं नाही, ते बोर्डोचं गाजलेलं वर्ष आहे. सुमार वर्षाची बाटली फडताळात ठेवा, माझं काही म्हणणं नाही. पण चांगल्या वर्षाची वाईन लेबलासाठी कोंडून ठेवणं मला पटत नाही.

धुंडिराज

एका बाटलीच्या पैशात आमच्याकडे शेततळ्याचा कागद अंथरून होतो. असो, वाचतोय. माहिती चांगली आहे.

निफाडचा शेतकरी

धुंडिराजभाऊंशी सहमत आहे, तरी मला या धाग्यात रस आहे, कारण माझी द्राक्षबाग आहे आणि काही एकरांवर मी वाईनची द्राक्षं करतो.

तुलूजकर दादांनी मांडीएवढ्या वेली म्हटलंय, ते आमच्या लोकांनी नीट समजून घ्यायला पाहिजे. आपण टेबल, म्हणजे खायच्या, द्राक्षाला नऊ बाय पाच फूट अंतर धरलं तर एकरी साधारण ९६८ वेली बसतात आणि एकरी आठ-दहा टन माल काढतो. मूटाँला हेक्टरी दहा हजार वेली आहेत, म्हणजे एकरी चार हजारांच्या आसपास. एवढ्या दाटीत वेल फोफावत नाही, माल कमी धरते, मणी बारीक राहतो. आपल्याला मणी फुगवायचा असतो, त्यांना बारीक हवा असतो, कारण रंग आणि तुरटपणा सालीत आहे. बारीक मण्यात रसाच्या मानाने साल जास्त. घड जमिनीजवळ असल्यामुळे दिवसभर तापलेल्या गोट्यांची ऊब संध्याकाळी त्याला मिळते. खडकाळ जमीन पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे मुळं खोल जातात.

शिवाय तिथे वेल हिवाळ्यात झोपते, त्यामुळे छाटणी एकदाच. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलात काड्यांसाठी खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास घडांसाठी गोडी छाटणी. एका पिकासाठी दोन छाटण्या, दोन वेळची मजुरी.

आता खरी सांगायची गोष्ट. आपण सगळे जे बोर्डो मिश्रण फवारतो ते याच गावाच्या शेजारचं आहे. पोयाकला लागून दक्षिणेला सेंट ज्युलियन. १८८० च्या सुमारास अमेरिकेतून आलेल्या डाऊनी या वेलीच्या रोगाने फ्रान्सच्या बागा झोडपल्या होत्या. बोर्डोचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे १८८२ साली सेंट ज्युलियनच्या एका मळ्याजवळून जात असताना त्यांना दिसलं की रस्त्याकडेच्या ओळींची पानं शाबूत आहेत आणि आतल्या ओळींची गळालीत. येणारे-जाणारे घड चोरतात म्हणून मळेवाल्यांनी कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. निळसर डाग दिसले की लोकांना विष वाटायचं. त्यावरून प्रयोग करून १८८५ मध्ये मिलार्देंनी ते औषध जाहीर केलं. आज शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, एक किलो चुना, लोखंडी खिळा बुडवून बघायचा, तांबूस झाला तर आणखी चुना, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. कोकणात सुपारीवाले मारतात तेही हेच.

तेव्हा त्या बाटलीत चित्रकाराइतकाच छाटणी करणाऱ्याचा हात आहे. माझं मत, उघडा. आम्ही माल पिकवतो तो खाण्यापिण्यासाठी. माझी द्राक्षं कुणी दहा वर्षं काचेत ठेवलेली मला आवडणार नाहीत.

सांजवारा

शेतकरी दादा, हा प्रतिसाद वाचूनच धाग्याचं सार्थक झालं. मोरचुदाची गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. वाचनखूण साठवली.

खमंग

अवांतर : याच मुलखातला एक गोड पदार्थ. मुरणारी वाईन नितळ करायला पिंपात अंड्याचं पांढरं फेटून घालतात. ते गाळाला धरून खाली बसतं आणि वरची वाईन स्वच्छ होते. मूटाँमध्येही ही रीत आहे. मग उरलेल्या पिवळ्या बलकांचं काय करायचं, त्यातून बोर्डोचे कॅनेले आले असं सांगतात. दूध, बलक, साखर, थोडा मैदा, व्हॅनिला, रम. पीठ रात्रभर मुरवायचं आणि तांब्याच्या कंगोरेदार साच्यांत कडक भाजायचं. बाहेरून जवळजवळ काळपट कुरकुरीत, आतून लुसलुशीत. मी सिलिकॉनच्या साच्यात करते. चव चांगली येते, पण तांब्यातला कुरकुरीतपणा काही येत नाही. कुणाला हवी असेल तर वेगळा पाककृतीचा धागा काढते.

मीठभाकर

काढाच खमंगताई. वाईन मिळायची तेव्हा मिळेल, कॅनेले तरी खाऊ.

सांजवारा

मूळ विषयावर येते. रंगरेषा, तू चित्रकारांची यादी १९४५ पासून दिलीस. पण १९४५ लाच का, त्याबद्दल लिहायला हवं.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स पडल्यावर जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारने मूटाँ जप्त केलं. रोथशिल्ड ज्यू घराणं. फिलिप निसटून इंग्लंडला गेला आणि द गॉलच्या सैन्यात सामील झाला. त्याची बायको एलिझाबेथ ज्यू नव्हती, तरी तिला पकडून राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत पाठवलं आणि १९४५ साली ती तिथेच मेली. त्यांची मुलगी फिलिपीन तेव्हा बारा वर्षांचीही झाली नव्हती.

त्या वर्षी मे महिन्यात कडाक्याची थंडी पडून कोवळे कोंब जळाले. पीक थोडं आलं, पण आलं ते विसाव्या शतकातलं एक सर्वोत्तम मानलं जातं. फिलिप परत आलेला, घर मोडलेलं, आणि त्या पहिल्या शांततेच्या वर्षाच्या बाटलीवर त्याने फिलीप ज्युलियाँ या तरुण चित्रकाराकडून विजयाचा 'व्ही' काढून घेतला. दरवर्षी चित्र देण्याची प्रथा तिथून सुरू झाली. मला ती प्रसिद्धीची युक्ती वाटत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा वेली फुटतील आणि पुन्हा कुणीतरी चित्र काढेल, असं ठरवणाऱ्या माणसाच्या मनात काय असेल याचा मी पुष्कळदा विचार करते.

फिलिप १९८८ मध्ये गेला. नंतर मुलीने, फिलिपीनने, २०१४ पर्यंत कारभार पाहिला. आधी ती रंगभूमीवर अभिनेत्री होती. चित्रकारांशी बोलणं, त्यांना मळ्यावर बोलावणं हे तिने मनापासून केलं. अनिश कपूरचं लेबल तिच्याच काळातलं.

रंगरेषा

सांजवारा, हे वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. एलिझाबेथबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. वहिनीलाही वाचून दाखवलं.

हिशेबनीस

सांजवाराताईंचा प्रतिसाद उत्तम. पण १९४५ ची भावना आणि आजचा बाजार वेगळे आहेत. १९९३ चं उदाहरण घ्या. बाल्थुसने काढलेल्या निर्वस्त्र मुलीच्या चित्राला अमेरिकेत विरोध झाला, तेव्हा तिकडे जाणाऱ्या बाटल्यांवर चित्राची जागा कोरी ठेवली. झालं, संग्राहक दोन्ही घ्यायला लागले. वाईन एकच, बाटल्या दोन. २००८ च्या लेबलासाठी शू लेई या चिनी चित्रकाराचं नाव आल्यावर त्या वर्षाचे भाव उसळले, तेव्हा आतल्या वाईनमध्ये थेंबाचा फरक पडला नव्हता. २००० साली तर कागदच काढून बाटलीवर सोनेरी मेंढा उमटवला. आज ती बाटली वाईन न पिणारेही ओळखतात.

रंगरेषा

हिशेबनीस, भाव वाढला म्हणून चित्राची किंमत कमी होत नाही. विद्यार्थ्यांना मी जी चित्रं दाखवते त्यातल्या बहुतेकांना लिलावात अचाट भाव आलाय. त्यामुळे ती बघायची सोडून द्यायची का?

हिशेबनीस

नाही. चित्र बघा, मुलांना दाखवा. पण मूळ चित्र मळ्याच्या संग्रहात आहे, बाटलीवर आहे ती छापील प्रत, आणि त्या वर्षाच्या प्रत्येक बाटलीवर तीच आहे. वाईन मात्र त्या बाटलीत आहे तेवढीच.

धुंडिराज

हा मुद्दा बिनतोड आहे.

जुना वाचक

एक सावधगिरीची सूचना. मीठभाकर यांनी रिकामी बाटली ठेवायची म्हटलंय, ती जरूर ठेवा पण कुणाला विकू नका. महागड्या वाईनच्या रिकाम्या बाटल्यांना बाजार आहे आणि त्यात काय भरलं जातं ते सांगायला नको. रूडी कुर्निआवान हा कॅलिफोर्नियात राहणारा इसम घरात वाईन मिसळून, जुन्यासारखी लेबलं चिकटवून मोठमोठ्या लिलावांत विकत होता. २०१२ मध्ये पकडला, २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोषी ठरला, दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी अमेरिकेचे एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन यांच्या म्हणून खपवलेल्या अठराव्या शतकातल्या बाटल्यांचं प्रकरण गाजलंच होतं. त्यातली लाफीतची एक बाटली १९८५ साली लंडनच्या लिलावात १,०५,००० पौंडांना गेली, आणि पुढे त्या सगळ्याच बाटल्यांच्या खरेपणावर प्रश्नचिन्ह लागलं. तेव्हा बाटली रिकामी झाली की लेबलाच्या कोपऱ्यावर शाईने तारीख आणि हजर असलेल्यांची नावं लिहा. मग ती कुणाच्या उपयोगाची राहत नाही आणि घरच्यांसाठी अनमोल होते.

तुलूजकर

जुना वाचक यांचा उपाय फार आवडला.

आता भावाच्या प्रश्नाकडे. पहिला प्रश्न हा, की बाटली आजवर कुठे ठेवली होती? साहेबांकडे तळघर किंवा वाईनचं कपाट असेल तर उत्तम. बारा-चौदा अंश, थोडा ओलावा, अंधार, आणि बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. दिवाणखान्याच्या फडताळात हीटरशेजारी उभी ठेवणं हे सगळ्यांत वाईट. बूच सुकतं, हवा शिरते. वहिनींचा 'जपू या'चा बेत असा असेल तर काही वर्षांनी चित्र राहील आणि मागे व्हिनेगर. जपायचं तर नीट जपावं लागेल, त्याचा खर्च आहे.

२००९ चं साल उबदार होतं, द्राक्ष चांगलं पिकलं. अशी वाईन अजून वीस-तीस वर्षं ठेवता येते, पण आत्ता उघडली तरी फुकट जात नाही. उघडायची ठरली तर आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. सावकाश काचेच्या सुरईत ओता, गाळ दिसू लागला की थांबा. तास-दोन तास हवा लागू द्या. सोळा-अठरा अंशांना प्या. ओघळाची भीती असेल तर लेबलावर आधी पातळ प्लॅस्टिक गुंडाळा.

आणि फराळाबरोबर नको. तिखट चिवडा आणि चकलीपुढे ही वाईन नुसती तुरट लागेल. साधं भाजलेलं मटण, मसाला अगदी कमी, त्याबरोबर घ्या.

सांजवारा

आणि माणसं कमी ठेवा. ७५० मिली म्हणजे सहा जणांना जेमतेम. पंधरा जणांत चमचा चमचा वाटण्यात काय अर्थ?

रंगरेषा

भावाला विचारलं. साहेबांकडे वाईनचं कपाट होतं, पण यांच्याकडे आल्यापासून बाटली पुस्तकांच्या कपाटावर उभी आहे, खाली रेडिएटर. तुलूजकर, तुमचा प्रतिसाद वाचून वहिनीच आधी उठली आणि तिने ती आडवी करून थंड खोलीत नेली.

निवाडा देते. चित्र टिकावं असंच मला अजूनही वाटतं, पण आतली वाईन खराब होत असताना वर चित्र मिरवण्यात अर्थ नाही. वाईनचं कपाट घेणं त्यांना परवडणारं नाही. तेव्हा दिवाळीत उघडा, सहाच जण बसा. लेबलावर सगळ्यांच्या सह्या घ्या आणि बाटली वहिनीची. वहिनीने एक अट घातली आहे, ती म्हणजे ओतण्याआधी सांजवाराचा प्रतिसाद सगळ्यांना वाचून दाखवायचा. भाऊ कबूल झाला.

मीठभाकर

पहिल्याच प्रतिसादात हेच सांगितलं होतं. मटणाची पाककृती कुणाला हवी असेल तर विचारा.

खमंग

कॅनेलेचा धागा उद्या टाकते. शेतकरी दादा, तुमच्याकडे कॅबर्नेची तोडणी बघायला येता येईल का? कधी असते?

निफाडचा शेतकरी

या की. गोडी छाटणी कधी घेतली त्यावर असतं, पण साधारण फेब्रुवारी-मार्च. पहाटे लवकर सुरू करतो, ऊन चढायच्या आत माल वायनरीला पोचवावा लागतो. आदल्या रात्री मुक्कामालाच या, जेवण आमच्याकडे. जानेवारीत साखर मोजायला लागलो की इथेच तारीख कळवतो.